बसूअण्णाचा निवांत अंक

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही, पण माझ्याबरोबर एक कल्पना करून पाहा. तुमच्या पोटात दुखतंय, आणि ते सांगायला तुमच्याजवळ शब्द नाहीत. दिवसभर तुम्हाला सांभाळायला येणारं माणूस तुम्हाला मायेनं भरवतं की चिमटे काढतं, तेही सांगता येत नाही. संध्याकाळी आई कामावरून येते. डोक्यावरून हात फिरवत विचारते, "आजचा दिवस कसा गेला रे?" तुम्ही नुसते भिंतीकडे पाहत राहता. मग आईला कळायचं कसं?

आता तुमच्या मनगटावर एक मऊ, करडी पट्टी बांधा. तिचं नाव निवांत पट्टी. आपण भ्यालो की कातडीला बारीक घाम सुटतो. घाम म्हणजे खारट पाणी, आणि खारट पाण्यातून वीज चटकन वाहते. पट्टी कातडीवरून आपल्याला जाणवणारही नाही इतकी क्षीण वीज सोडते आणि ती किती सहज गेली ते मोजते. शिवाय ती हृदयाचे ठोके ऐकते. निवांत माणसाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत बरं का. श्वास घेताना ते किंचित घाई करतात, सोडताना किंचित रेंगाळतात. झोपाळ्यासारखं. माणूस घाबरला की हा झोका बंद होतो आणि ठोके नुसते धावत सुटतात. हजारो माणसांचा घाम आणि ठोके अभ्यासून एका यंत्राने हिशेब बसवला आणि दर मिनिटाला एक अंक द्यायला सुरुवात केली. शून्य म्हणजे जीव मुठीत. शंभर म्हणजे अगदी निवांत.

या पट्टीने पुष्कळांचं भलं केलं. बंद दाराआड मार खाणारी कितीतरी मुकी माणसं तिच्यामुळे सुटली. म्हणून सरकारने ती घराघरांत दिली. मग कोणाच्या तरी मनात आलं की सांभाळणाऱ्या माणसाचं कामही याच अंकावर तपासावं. तीन महिन्यांची सरासरी सत्तरच्या खाली गेली की माणूस बदलायचं.

आपली गोष्ट इथून सुरू होते. बार्शीत, उमा बिराजदारच्या घरी.

उमा बारा वर्षांची. तिचा भाऊ बसवराज तेवीस वर्षांचा, पण त्याला ऑटिझम होता, आणि नव्या गोष्टी शिकायला त्याला इतरांपेक्षा फार वेळ लागे. त्याच्याजवळ मोजून सात-आठ शब्द होते. त्यातले आवडते दोन, 'पुढं' आणि 'झालं'. कोणी अचानक मोठ्याने नावाने हाक मारली तर तो दोन्ही कानांवर हात ठेवून जागच्या जागी उकिडवा बसे, आणि मग अर्धा तास उठत नसे. वडील नव्हते. आई एसटीत कंडक्टर, सकाळच्या लातूर गाडीने जाई ती रात्री आठला परते. दिवसभर बसूअण्णाला सांभाळायला द्रौपदामावशी येत.

मावशींनी आठ महिन्यांपूर्वी डोक्यात घेतलं होतं की बसूने गिरणीवरून स्वतः दळण आणायचं.

"अहो, त्याला कशाला त्रास?" आई म्हणाली होती. "मी आणते की रविवारी."

"तुम्ही किती रविवार आणणार, ताई?" मावशी म्हणाल्या. "आपण दोघी काय जन्माला पुरणार आहोत का त्याला? भाकरी खातोय नव्हं, मग पीठ कुठनं येतं ते बघू दे की."

त्यांनी चार चित्रं काढून कड्यात ओवली आणि कडं बसूच्या पट्ट्याला अडकवलं. पहिल्यावर ज्वारीने भरलेला डबा. दुसऱ्यावर गिरणीपुढची डब्यांची रांग. तिसऱ्यावर पांढरं पीठ पडतंय. चौथ्यावर घराचं निळं दार. एक काम संपलं की बसू ते चित्र उलटे आणि म्हणे, "झालं." ते झाल्याशिवाय पुढचं चित्र तो बघतही नसे.

तोडकरकाकांच्या गिरणीचीही एक रीत होती. आधी सगळ्यांचा गहू, मग ज्वारी. पीठ मिसळलं तर भाकरी नीट थापली जात नाही. गहू संपला की काका हातातल्या मापाने गिरणीच्या पत्र्यावर दोनदा टण् टण् वाजवत आणि हेल काढून ओरडत, "ज्वारीवालेऽ या!" की ज्वारीचे डबे रांग सोडून पुढे येत. ती आरोळी बसूला पाठ झाली होती. नावाने हाक मारली तर बसून राहणारा बसू त्या टण् टण् ला डबा उचलून हसत पुढे जाई.

पण शिकायचं म्हणजे आधी थोडं घाबरायचं आलंच. तुम्ही पहिल्यांदा सायकलवर बसलात तेव्हा तुमच्या मनगटावर पट्टी असती, तर तिने काय अंक दिला असता? दळणाच्या दिवशी बसूचा अंक पन्नासावर येई, कधी चाळिशीत. सरासरी अडुसष्ट झाली. गृहसेवा कार्यालयाकडून ताकीद आली: पुढच्या तपासणीपर्यंत सुधारणा नसल्यास सेविका बदलण्यात येईल.

मागच्या गल्लीतल्या विनूची सेविका अशीच बदलली होती. नव्या बाईंनी त्याला पंख्याखाली बसवून हातात स्क्रीन दिला. विनूचा अंक सत्त्याण्णव. पूर्वी उमा कुंपणाशी गेली की तो तिच्याकडे चेंडू टाकत असे. आता त्याला चेंडू दाखवला तरी तो हात पुढे करत नव्हता.

उमाला रात्रंदिवस तो विनू दिसायला लागला. आणि दिवाळीनंतर, बसू पहिल्यांदा एकटा रांगेत उभा राहणार होता त्या दिवशी, तिने एक गोष्ट केली.

आंघोळीसाठी पट्टी काढायला दोन मिनिटांची सूट असे. तेवढ्यात परत बांधली तर पट्टी ओळख विचारत नसे. बसूच्या सदऱ्याची बटणं लावता लावता उमाने त्याची पट्टी काढली आणि स्वतःच्या मनगटावर बांधून वर ओढणी घेतली. तो गिरणीवर गेला. ती घरात पाय पसरून पुस्तक वाचत बसली. अंक आला एक्याण्णव. तो परतल्यावर पट्टी पुन्हा त्याच्या हातावर.

मंगळवार आणि शनिवार, दर आठवड्याला दोनदा. कोणालाच कळलं नाही. मावशींनाही नाही. त्या बसूबरोबर कोपऱ्यापर्यंत जात आणि तिथल्या कट्ट्यावर बसून गिरणीकडे नजर ठेवत. घरी येऊन फोनवरचा अंक बघितला की म्हणत, "बघ गं उमे, माझ्या लेकराची भीती गेली!"

उमा मान खाली घालून हसे.

त्या मंगळवारी मात्र, तपासणीच्या आदल्या दिवशी, कोपऱ्यापर्यंत गेलेल्या मावशी पाचच मिनिटांत लंगडत परत आल्या. उमाने घाईघाईने ओढणी मनगटावर ओढली.

"मावशी, तुम्ही परत कशा?"

"गुडघ्यानं जीव घेतलाय बाई. म्हटलं, चार महिने एकदाही चुकला नाही, जाऊ दे आज एकटा. आणि पट्टी आहे की हातात, फोनवर दिसतंय तो कुठं आहे ते." त्यांनी पायरीवर बसून फोन उघडला. "हे बघ. अगं, हे टिंब तर घरातच आहे! मेला फोन, अडकला वाटतं."

उमाने ओढणी आणखी घट्ट ओढली. टिंब अडकलं नव्हतं. टिंब तिच्या मनगटावर होतं.

आत्ता सांगावं? पण अण्णा येईलच की वीस मिनिटांत. रोज येतो. उद्या तपासणी झाली की पुन्हा कधी असं करायचं नाही. उमाने पुस्तक उघडलं आणि एकच ओळ पाच वेळा वाचली.

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. पस्तीस झाली. मावशी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आल्या.

"गर्दी असेल गिरणीत," उमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा वाटला.

फोन वाजला. मावशींनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "उमे, अंक पडायला लागलाय! मघाशी अठ्ठ्याऐंशी होता, आता एकोणपन्नास! बसूला काहीतरी झालंय गं... हे बघ, त्याच्या काळजाचे ठोके बघ, कसे धावायलेत!"

ते ठोके उमाचे होते. ती जितकी घाबरत होती तितका अंक पडत होता, आणि अंक पडला म्हणून मावशी रडवेल्या झाल्या की ती आणखी घाबरत होती. सदतीस. तिने ओढणी बाजूला केली आणि हात पुढे धरला.

मावशी त्या करड्या पट्टीकडे पाहत राहिल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. तुम्हाला काढून टाकतील म्हणून..."

मावशींचा हात वर गेला. उमाने डोळे मिटले. पण तो हात खाली आला तो तिच्या खांद्यावर, आणि त्या आधाराने मावशी उठल्या. "रडायचं नंतर. चल आधी."

गिरणीचं शटर बंद होतं. वर खडूने लिहिलं होतं: मोटार जळाली, उद्या सुरू.

"बसू?" शेजारचा चहावाला म्हणाला. "आलता की. बंद शटरपुढं लई वेळ उभा होता. म्हटलं, जा रे बाबा घरी, आज दळण न्हाई. तर गेला खालच्या अंगाला."

"घर वरच्या अंगाला आहे, शहाण्या!" मावशी ओरडल्या. "हात धरून ठेवायचा नाहीस का?"

"मला वाटलं, एकटा येतोय तर येत असंल सगळं!"

उमा शटरकडे बघत होती. अण्णा घरी का आला नाही? ती मनातल्या मनात कड्यातली चित्रं उलटत गेली. डबा, झालं. रांग. आणि मग पीठ. पीठ पडलंच नाही, तर घराचं दार येणार कुठून? गिरणी बंद असली तर काय करायचं, याचं चित्र आपण काढलंच नव्हतं! आठ महिन्यांत एकालाही सुचलं नव्हतं. अण्णा हरवला नव्हता. तो अजून तिसऱ्या चित्राच्या शोधात होता.

"मावशी, तो चालू असलेली गिरणी शोधतोय!"

दोघींनी कान टवकारले. खालच्या अंगाने, रस्त्यापलीकडून घरघर ऐकू येत होती. डाळमिलची.

उमा धावत सुटली. मावशी मागून दुखऱ्या पायाने जमेल तशा येत होत्या.

डाळमिलच्या वजनकाट्यापुढे ट्रकांची रांग लागली होती. नवे, विजेवर चालणारे ट्रक, ज्यांचा आवाजच नसतो. शेवटच्या ट्रकच्या मागे, अगदी हातभर अंतरावर, पायाशी डबा ठेवून बसूअण्णा उभा होता. शहाण्यासारखा. शेवटच्याच्या मागे उभं राहायचं, पुढचा सरकला की सरकायचं. मावशींनी शिकवलं होतं तसंच.

आणि काट्यावरचा माणूस हात हलवून सांगत होता, "मागं घ्या! सगळे मागं घ्या!"

दोन ट्रकांमधली मोकळी जागा खात रांगेतला पहिला ट्रक मागे सरकला. मग दुसरा. उमा तारेच्या कुंपणाच्या अलीकडे होती आणि वळसा घालायला वेळ नव्हता. "अण्णा" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तो दातांनी दाबून धरला. हाक मारली तर तो तिथेच बसेल. ट्रकच्या मागे, उकिडवा, ड्रायव्हरला दिसणारही नाही असा.

तिसरा ट्रक हलला. आता एकच उरला होता.

उमाने खाली पडलेला दगड उचलला आणि कुंपणाच्या लोखंडी खांबावर जीव खाऊन दोनदा आपटला. टण्! टण्! आणि तोडकरकाकांसारखा हेल काढून ओरडली, "ज्वारीवालेऽ या!"

बसूने मान वळवली. शेवटच्या ट्रकची चाकं फिरायला लागली होती.

"ज्वारीवालेऽऽ या!"

बसूच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने वाकून डबा उचलला, नीट, दोन्ही हातांनी, एक दाणाही न सांडता, आणि रांग सोडून तिच्याकडे चालायला लागला. तो जिथे उभा होता तिथून ट्रकचं मागचं चाक गेलं.

"पुढं," कुंपणाशी येऊन तो म्हणाला आणि डबा वर धरला.

उमाच्या मनगटावर अंक होता नऊ.

रात्री आईने सगळं ऐकलं. मग बराच वेळ झोपलेल्या बसूच्या पायाशी बसून राहिली. दळणाचा डबा तसाच दारात होता. बसूने तो आत ठेवू दिला नव्हता.

सकाळी आई कामावर गेली नाही. देशमाने मॅडम आल्या. कार्यालयातल्या तपासनीस, पण बाई मऊ स्वभावाच्या. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी टॅबलेटचा पडदा उघडला आणि हसल्या.

"द्रौपदाबाई, अभिनंदन. सरासरी चौऱ्याहत्तर! काल संध्याकाळी अंक नऊवर गेला होता, कार्यालयातून रात्री फोनही आला होता म्हणे?"

"आला होता," आई म्हणाली. "तो सुखरूप आहे एवढंच सांगितलं. बाकीचं तुम्ही आल्यावर बोलू म्हटलं."

"बोलू ना. पण आधी चांगली बातमी. यंत्राने तुमच्या रोजच्या नोंदींशी अंक जुळवून हुडकून काढलंय की बसवराज सगळ्यांत निवांत असतो तो कधी, तर दळणाला एकटा जातो तेव्हा. नव्वदच्या वर! आम्ही चकित झालो. पुढच्या सोमवारपासून जिल्ह्यातल्या चाळीस घरांत हेच सुरू करतोय. बरोबर कोणी नको, मागे कोणी नको. एकट्याने बाहेर सोडायचं."

मावशी बोलायला पुढे झाल्या, पण उमा त्यांच्याआधी उठून उभी राहिली. तिला एकदम चाळीस अण्णा दिसले. चाळीस ट्रकांच्या मागे उभे असलेले.

ती गप्प राहिली असती, तर मावशी कामावर राहिल्या असत्या. आणि तिने चुकीचं शिकवलेलं यंत्र तेच चाळीस घरांना शिकवत गेलं असतं. यंत्राला खोटं सांगितलं तर ते चिडत नाही, ओळखत नाही. ते खोट्यालाच खरं धरून पुढे जातं.

"मॅडम, ते नव्वद माझे आहेत," उमा म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. आंघोळीची सूट, ओढणी, पुस्तक, शटर, ट्रक. मध्ये दोनदा क्रम चुकला, तो तिने स्वतःच दुरुस्त केला. कोणी तिला मदत केली नाही, आणि ते बरंच झालं.

देशमाने मॅडमनी ते आकडे काढून त्यांच्या जागी दिवाळीआधीच्या दळणाचे खरे आकडे धरले. पडद्यावर नवी सरासरी आली. पुन्हा अडुसष्ट.

"मला वाईट वाटतं, द्रौपदाबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नियम माझा नाही."

"काल पोरगं मरता मरता वाचलं, मॅडम, आणि त्याला एकटं सोडलं ते मी," मावशी म्हणाल्या. "फोनवर भरवसा ठेवून पायरीवर बसले. तेवढ्यासाठी काढा, मी चूं करणार नाही. पण तो घाबरला आणि घाबरत घाबरत शिकला, म्हणून काढू नका."

तेवढ्यात दारात डबा वाजला. बसू चपला घालून उभा होता. कड्यातलं तिसरं चित्र अजून उलटायचं होतं त्याला. सकाळी उमाने पट्टी त्याच्या हातावर बांधली होती, त्यामुळे पडद्यावर आता त्याचा खरा अंक होता. एकसष्ट. दाराकडे बघता बघता तो चोपन्न झाला.

"थांबवा ना त्याला," मॅडम म्हणाल्या. "बघा, घाबरतोय."

"दर वेळी घाबरतो," उमा म्हणाली. "तरी जातो."

"आणि परत येताना? तेव्हा अंक किती असतो?" मॅडमनी विचारलं.

उमा उत्तर द्यायला गेली आणि थबकली. एकट्याने दळण घेऊन परतणाऱ्या अण्णाचा अंक आजवर कोणीही पाहिला नव्हता. तो दर वेळी तिनेच लपवला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आपण कधी मोजलंच नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं. देशमाने मॅडमच्या हातात पडदा तसाच उघडा होता. अंक सत्तेचाळीस.

उमाने दप्तरातून एक पुठ्ठा काढला. पहाटे उठून रंगवलेला. त्यावर बंद शटर होतं, आणि शटरपासून निळ्या दाराकडे जाणारा ठळक बाण. तिने तो भावाला दाखवला, बोट बाणावरून दोनदा फिरवलं आणि कड्यात तिसऱ्या चित्राच्या जोडीला ओवला, पीठ पडलं नाही तर बघायला. मग ती मॅडमकडे वळली.

"चपला घाला, मॅडम. वीस पावलं मागे राहायचं, आणि काही झालं तरी त्याला नावाने हाक मारायची नाही."

आणि उमाने दाराची कडी काढली.